मेथी, कोथिंबीर आणि लॅपटॉप: मुलांसोबत घरी एआय शिकायला ‘टीचेबल मशीन’ कसं आहे?

मुलांना घरी एआयची ओळख करून द्यायची म्हटलं की बहुतेक आईबाबा चॅटबॉट उघडून देतात. मूल काहीतरी विचारतं, झरझर उत्तर येतं, सगळे थक्क होतात आणि शिकणं तिथेच संपतं. उत्तर कुठून आलं, चुकलं तर का चुकलं, यातलं काहीच त्या खिडकीत दिसत नाही. चॅटबॉटच्या आधी दोन-तीन रविवार गुगलच्या टीचेबल मशीनला द्यावेत, असं आमचं ठाम मत आहे. इथे उदाहरणं मूल स्वतः पुरवतं, मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून ओळखायला शिकलेला प्रोग्रॅम, त्याच्या डोळ्यांदेखत तयार होतं आणि ते चुकलं तर कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. बहुतेक वेळा ते आपणच भरलेल्या फोटोंत सापडतं.

ही वेबसाइट आहे आणि ती फुकट आहे. खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत, काही इन्स्टॉल करायचं नाही. २०१७ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीत फक्त तीन गट करता येत आणि तयार झालेलं मॉडेल जपून ठेवता येत नसे. आता आपण वापरतो ती २०१९ ची दुसरी आवृत्ती. तिच्यात तीन प्रकारचे प्रकल्प करता येतात: चित्र, आवाज आणि शरीराची ठेवण म्हणजे पोज. वेबकॅम आणि माइक असलेला साधा लॅपटॉप व क्रोम ब्राउझर एवढं पुरतं. फोनवर साइट उघडते, पण इतक्या लहान पडद्यावर दोघांनी मिळून काम करणं कठीण जातं, आणि उदाहरणं गोळा करताना फोन हलला की फोटोही हलतात. लॅपटॉप नसेल तर नातेवाइकांचा एका दुपारपुरता मागून घ्या, पण पहिली ओळख फोनवर नको.

वय? मोठं माणूस सोबत असेल तर आठ-नऊ वर्षांपासून पुढे. टक्केवारी शाळेत अजून शिकवली नसली तरी अडत नाही, कारण पडद्यावर रंगीत पट्ट्या लांब-आखूड होताना दिसतात आणि मुलं त्या लगेच वाचायला शिकतात. सगळी बटणं इंग्रजीत आहेत हे खरं, पण गटांची नावं देवनागरीत टाइप करता येतात. नावं मराठीतच द्या. पट्टीवर ‘मेथी’ असं उमटलं की मुलाला ते मशीन आपलं वाटतं.

पहिला तास: मेथीची जुडी आणि कोथिंबिरीची जुडी

सुरुवातीला चेहरे नकोत, भाजी घ्या. मेथी आणि कोथिंबीर ही जोडी चांगली आहे. दोन्ही हिरव्या, दोन्ही बारीक पानांच्या, त्यामुळे नुसत्या रंगावर काम भागत नाही. पण मेथीचं पान गोलसर आणि तीन-तीनच्या झुपक्यात, तर कोथिंबिरीचं कातरलेल्या कडांचं, त्यामुळे फरक पकडणं अशक्यही नाही. तूरडाळ आणि हरभराडाळ ही जोडी मात्र पहिल्या दिवशी घेऊ नका. साइट प्रत्येक फोटो मधोमध चौकोनी कापते आणि २२४ × २२४ ठिपक्यांइतका लहान करते. एवढ्याशा चित्रात डाळीचा दाणा म्हणजे पिवळा ठिपका उरतो. दाणा जवळ धरावा तर बहुतेक लॅपटॉपचे कॅमेरे फार जवळचं धूसर दाखवतात. डाळींचा प्रयोग करायचाच असेल तर फोनने जवळून फोटो काढा, चौकोनी कापा आणि ‘अपलोड’ने भरा. तोही चांगला धडा आहे, पण दुसऱ्या आठवड्याचा.

कृती अशी. ‘इमेज प्रोजेक्ट’ उघडा आणि ‘स्टँडर्ड इमेज मॉडेल’ निवडा. दुसरा पर्याय छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांसाठी आहे, त्याची आत्ता गरज नाही. समोर ‘क्लास १’ आणि ‘क्लास २’ असे दोन डबे, म्हणजे गट, दिसतील. पेन्सिलच्या खुणेवर टिचकी मारून त्यांना ‘मेथी’ आणि ‘कोथिंबीर’ अशी नावं द्या. मग ‘ॲड अ क्लास’ने तिसरा डबा उघडा आणि त्याला ‘काहीच नाही’ म्हणा. हा तिसरा डबा का लागतो ते पुढे येईलच. आता ‘वेबकॅम’वर टिचकी मारा. ब्राउझर कॅमेऱ्याची परवानगी मागेल ती द्या. चित्र काळंच राहिलं तर मागे एखादं मीटिंगचं ॲप कॅमेरा अडवून बसलंय का ते बघा. ते बंद करून पान पुन्हा उघडलं की काम होतं.

‘होल्ड टू रेकॉर्ड’ दाबून धरलं की फोटो पडायला लागतात आणि नेमकी इथेच बहुतेकांची पहिली गडबड होते. मूळ सेटिंगमध्ये सेकंदाला २४ फोटो निघतात. मूल दहा सेकंद बटण दाबून बसलं की २४० फोटो जमा, आणि ते सगळे जवळजवळ एकसारखे. मोठ्या आकड्याने मुलं खूश होतात, पण मॉडेलला त्यातून नवीन काही मिळत नाही. बटण टिचकीसारखं दाबा आणि सोडा, जुडी फिरवा, पुन्हा दाबा. किंवा गिअरच्या खुणेतून वेग सेकंदाला दोन-तीन फोटोंवर आणा. उभी जुडी, आडवी जुडी, नुसती पानं, देठ, जवळून, लांबून, खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली असे प्रत्येक गटात ४० ते ६० वेगवेगळे फोटो पुरतात. तिन्ही गटांतले आकडे साधारण सारखे ठेवा. मेथीचे २०० आणि कोथिंबिरीचे २० असले तर शंका आली की मॉडेल मेथीकडेच झुकणार. वाईट फोटोवर माउस नेला की कचरापेटीची खूण येते. मुलाला स्वतः निवडून काढू द्या. या साफसफाईत तो जे शिकतो ते सूचना वाचून येत नाही.

मग ‘ट्रेन मॉडेल’ दाबा, म्हणजे शिकवणं सुरू. इतक्या फोटोंना साध्या लॅपटॉपवर मिनिटभर किंवा त्याहून कमी वेळ लागतो. तेवढ्यात दुसऱ्या टॅबवर जाऊ नका, अशी सूचना साइट स्वतःच देते. शिकण्याचं सगळं गणित आपल्याच ब्राउझरमध्ये चालतं, आणि मागे गेलेल्या टॅबचा वेग ब्राउझर कमी करतो. मग ट्रेनिंग अर्धवट लटकतं आणि साइट बिघडली असं वाटतं.

“पन्नास फोटोंत याला मेथी कशी कळली?” हा प्रश्न मुलं विचारतातच, आणि त्याचं खरं उत्तर द्यायला हवं. मशीन कोरं नसतं. आत मोबाइलनेट नावाचं आधी शिकलेलं मॉडेल आहे. लाखो फोटो पाहून त्याला कडा, रंग, पोत, आकार ओळखायची सवय झालेली आहे. आपण फक्त शेवटचा भाग शिकवतो: या खुणा दिसल्या तर मेथी म्हण, त्या दिसल्या तर कोथिंबीर. म्हणूनच ज्या वस्तूचं नावही त्या मूळ मॉडेलला माहीत नसेल, धान्य पाखडायचं सूप म्हणा की पुरणयंत्र, तीही त्याला थोड्या फोटोंत शिकवता येते.

आता ताटल्या बदला

या साइटचं सगळ्यात मोठं मोल ते मुद्दाम बिघडवून बघण्यात आहे, आणि साइट स्वतः हे सांगत नाही. ते आईबाबांनी करायचं.

नवीन प्रकल्प उघडा. या वेळी मेथीचे सगळे फोटो स्टीलच्या ताटलीत काढा आणि कोथिंबिरीचे सगळे निळ्या प्लॅस्टिकच्या ताटलीत. ट्रेन करा. मेथी दाखवली की मेथी, कोथिंबीर दाखवली की कोथिंबीर, सगळं छान चालेल. मग विचारा, “आता ताटल्या बदलूया. काय होईल असं वाटतं तुला?” अंदाज कागदावर लिहून घ्या आणि मगच मेथी निळ्या ताटलीत ठेवा. बहुतेक वेळा पट्टी सरळ कोथिंबिरीकडे पळते. मग निळी ताटली रिकामीच दाखवा. रिकाम्या ताटलीलाही ते कोथिंबीर म्हणतं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप. मॉडेलने पानं पाहिलीच नाहीत. फोटोत सगळ्यात जास्त जागा ताटलीने व्यापलेली, रंगाचा फरक ढोबळ. गट वेगळे करायला तेवढं पुरलं.

दुरुस्ती मुलाकडूनच करून घ्या. दोन्ही भाज्या दोन्ही ताटल्यांत, शिवाय ओट्यावर, हातात आणि वर्तमानपत्रावर, सगळ्या जोड्यांचे फोटो भरून पुन्हा ट्रेन करा. भावंडांचे चेहरे ओळखणाऱ्या मॉडेलमध्ये हीच गोम शर्टाच्या रंगात सापडते. दादाने लाल शर्ट बदलला की दादा हरवतो.

घरातल्या ताटलीपुरती ही गोष्ट नाही, हे मोठ्या मुलांना जरूर सांगा. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्नित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या बाजारातल्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत त्या जास्तीत जास्त ०.८ टक्के चुकत होत्या, पण सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण एका प्रणालीत ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. अशा प्रणाली तपासायला जे फोटोंचे साठे वापरले जात, त्यांत गोरे चेहरे कितीतरी जास्त होते, हेही त्या अभ्यासाने दाखवून दिलं. ज्या मुलाने नुकतीच ताटली बदलून पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. एरवी तासभर बोलूनही ते पोचत नाही.

१०० टक्क्यांवर विश्वास नको

आता तो तिसरा डबा. मेथी आणि कोथिंबीर असे दोनच गट ठेवून कॅमेऱ्यासमोर चप्पल धरा. मॉडेल तिला मेथी तरी म्हणेल नाहीतर कोथिंबीर तरी, आणि बऱ्याचदा ९० टक्क्यांच्या वर खात्रीने म्हणेल. पट्ट्यांची बेरीज नेहमी १०० टक्के होते, ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची सोयच त्यात नाही. म्हणून ‘काहीच नाही’ हा गट हवा, आणि त्यात रिकामा ओटा, रिकाम्या ताटल्या, हात, माणसं, इतर भाज्या असं सगळं भरायला हवं. तरीही चप्पल कधीतरी मेथी ठरतेच, कारण जगातल्या सगळ्या ‘इतर’ वस्तूंचे फोटो कोणी काढू शकत नाही. ‘९८ टक्के’ म्हणजे ‘१०० पैकी ९८ वेळा बरोबर’ असा अर्थ इथे घेऊ नका. दिलेल्या पर्यायांत त्याचा कल कुठे आहे, एवढंच तो आकडा सांगतो.

साइटची आमच्या मते सगळ्यात मोठी त्रुटी याच्याच शेजारी आहे. ‘ॲडव्हान्स्ड’ उघडून ‘अंडर द हूड’वर गेलं की आलेख दिसतात. साइट ८५ टक्के फोटो शिकवायला वापरते आणि १५ टक्के चाचणीसाठी बाजूला ठेवते. पद्धत योग्य आहे. पण बटण दाबून धरून काढलेले फोटो एकमेकांची नक्कल असतात, त्यामुळे चाचणीतले फोटोही शिकवलेल्यांचेच जुळे भाऊ निघतात आणि अचूकता १ म्हणजे १०० टक्के दिसते. ताटलीवाल्या फसलेल्या मॉडेललाही तिथे पैकीच्या पैकी मिळू शकतात! नवख्या आईबाबांना याची कुठे सूचना मिळत नाही. उपाय सोपा आहे. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या खोलीत, बाजारातून आणलेल्या दुसऱ्या जुडीवर तपासा. वीसदा दाखवा, किती बरोबर आली ते वहीत खुणा करून मोजा. हा वहीतला आकडा खरा.

त्याच ठिकाणी इपॉक, बॅच साइझ आणि लर्निंग रेट असे तीन आकडे आहेत. मूळ मूल्यं अनुक्रमे ५०, १६ आणि ०.००१. बॅच साइझ म्हणजे एका वेळी किती फोटो घ्यायचे ते, आणि इपॉक म्हणजे सगळ्या फोटोंची एक उजळणी. इपॉक ५ करून बघा, पट्ट्या डळमळीत दिसतील. ५०० केल्याने वाईट फोटो चांगले होत नाहीत, हेही करून दाखवा. लर्निंग रेटला, म्हणजे शिकताना किती मोठी पावलं टाकायची त्या आकड्याला, मात्र हात लावू नका, तो थोडा वाढवला तरी मॉडेल विचित्र वागतं आणि मुलाला कारण समजत नाही. बिघडलंच तर ‘रिसेट डिफॉल्ट्स’ आहे.

कुकरच्या शिट्ट्या मोजणारं मशीन

आवाजाचा प्रकल्प चित्रापेक्षा अवघड आहे आणि आमच्या मते जास्त मजेचा. इथे ‘बॅकग्राउंड नॉइज’ हा गट सक्तीचा असून त्यात एकेक सेकंदाचे किमान २० नमुने लागतात, तर इतर प्रत्येक गटात किमान ८. ही किमान संख्या झाली. नीट चालायचं असेल तर पार्श्वभूमीचे ६० आणि बाकीच्यांचे ३०-४० धरा.

स्वयंपाकघरात शांतता नसतेच, तेव्हा पार्श्वभूमी ‘शांत’ रेकॉर्ड करू नका. पंखा, धुराची चिमणी, नळ, रस्त्यावरचे हॉर्न, भांड्यांचा आवाज असं सगळं त्यात येऊ द्या. नाहीतर नळ सोडला की मशीन शिट्टी वाजली म्हणेल. दुसरा गट ‘शिट्टी’, तिसरा ‘मिक्सर’. लॅपटॉप गॅसपासून दोनेक मीटर लांब, वाफ आणि फोडणी उडणार नाही अशा जागी ठेवा. रेकॉर्ड केल्यावर ‘एक्स्ट्रॅक्ट सॅम्पल’ दाबायला बरेच जण विसरतात, आणि मग नमुने वाढतच नाहीत. एक बंधन आधीच माहीत असावं: फोनवर टिपलेली साधी ऑडिओ फाइल इथे अपलोड होत नाही, त्याच साइटवर तयार झालेले नमुनेच चालतात. म्हणून काही जण फोनवरची शिट्टी लॅपटॉपसमोर वाजवतात. मग मॉडेल फोनच्या स्पीकरचा आवाज शिकतं आणि खऱ्या कुकरपुढे गप्प बसतं. वरणभाताच्या वेळीच बसा, एका कुकरमध्ये बरेच नमुने मिळतात.

बोललेल्या शब्दांचा प्रयोग करायचा तर ‘हो’ आणि ‘नको’सारखे कानाला स्पष्ट वेगळे शब्द घ्या. एका सेकंदाच्या तुकड्यात ‘काल’ आणि ‘काळ’ वेगळे करायला सांगणं म्हणजे मुलाला निराश करणं. नमुने घरातल्या सगळ्यांच्या आवाजात घ्या. एकट्या मुलाच्या आवाजावर शिकलेलं मॉडेल आजीचं ‘हो’ ओळखत नाही, आणि हे घडलं की ताटलीचा धडा मुलालाच आठवतो.

शिट्ट्या मोजायला मॉडेल एकटं पुरत नाही, त्याला छोटा प्रोग्रॅम जोडावा लागतो. ‘एक्सपोर्ट मॉडेल’मध्ये ‘अपलोड’ निवडलं की एक लिंक मिळते. स्क्रॅच म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची साइट, पण नेहमीच्या स्क्रॅचमध्ये ही लिंक चालत नाही. एमआयटीच्या रेज प्लेग्राउंड या साइटवर स्क्रॅचचंच रूप आहे, तिथे टीचेबल मशीनचं एक्स्टेन्शन घ्या आणि लिंक चिकटवा. अहमदाबादच्या स्टेमपीडियाचं पिक्टोब्लॉक्सही हे काम करतं. मग शून्यापासून सुरू होणारा ‘शिट्ट्या’ नावाचा व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा ठेवायचा कप्पा, करा आणि सतत फिरणाऱ्या लूपमध्ये अट घाला: अंदाज ‘शिट्टी’ असेल तर एक वाढव.

असं केलं की पहिल्याच शिट्टीला आकडा झपाट्याने वाढत सुटतो. शिट्टी कित्येक सेकंद वाजते, मॉडेल एकेका सेकंदाचा तुकडा ऐकतं, तेही तुकडे एकमेकांवर चढवून, आणि लूप तर त्याहून भराभर फिरतो. म्हणून ‘एक वाढव’च्या खाली ‘थांब’ ब्लॉक हवा. किती सेकंद? शिट्टी वाजते त्यापेक्षा जास्त आणि दोन शिट्ट्यांमधल्या अंतरापेक्षा कमी. तुमच्या कुकरचा आकडा मुलाला घड्याळ लावून मोजायला सांगा. एआय कुठे संपतं आणि माणसाने घातलेला साधा नियम कुठे सुरू होतो, हे इतकं लख्ख दाखवणारा दुसरा घरगुती प्रयोग आम्हाला माहीत नाही. गॅस बंद करण्याची जबाबदारी अर्थात मोठ्यांकडेच राहू द्या. दुधाच्या उकळीचा नाद ऐकून गॅसबद्दल निर्णय घेणारं असलं काही बनवू नका.

पोजचा प्रकल्प

सूर्यनमस्काराच्या स्थिती ओळखणारं मॉडेल शाळकरी मुलांना फार आवडतं. हा प्रकार नाक, खांदे, कोपर, गुडघे असे १७ बिंदू शोधतो, त्यामुळे मागच्या भिंतीचा किंवा कपड्याच्या रंगाचा परिणाम कमी होतो. पण संपूर्ण शरीर चौकटीत हवं. म्हणजे कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर जागा हवी, आणि लहान घरात पलंग हलवावा लागतो. जमिनीलगतच्या स्थितींत बिंदू भरकटतात. उभ्या तीन-चार स्थितींवर समाधान माना.

फोटो जातात कुठे?

हे नीट समजून घ्या, कारण इथे चांगली बातमी आहे आणि एक सापळाही आहे. वेबकॅमचे फोटो आणि आवाज आपल्याच संगणकात राहतात, शिकवण्यासाठी ते गुगलकडे पाठवले जात नाहीत. मॉडेल अपलोड केलं तर मॉडेल जातं, फोटो जात नाहीत. पण ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो मॉडेल वापरू शकतो, म्हणून गटांना मुलाचं पूर्ण नाव किंवा शाळेचं नाव देऊ नका.

सापळा आहे तो प्रकल्प जपून ठेवण्यात. टॅब बंद झाला की सगळं पुसलं जातं, म्हणून प्रकल्प फाइल म्हणून उतरवून घ्यावा लागतो किंवा गुगल ड्राइव्हवर ठेवावा लागतो. ही उतरवलेली टीएम (.tm) फाइल म्हणजे चक्क एक झिप, म्हणजे अनेक फाइलींचं गाठोडं, असते आणि तिच्यात सगळे मूळ फोटो असतात. मुलांच्या चेहऱ्यांचा प्रकल्प कौतुकाने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तर शेकडो फोटो वाटले गेले असं समजा. दाखवायचंच असेल तर लिंक पाठवा, फाइल नको.

शेजारचे पर्याय

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी गुगलचाच ‘क्विक, ड्रॉ!’ हा खेळ पुरेसा आहे. २० सेकंदांत चित्र काढायचं, मशीन अंदाज बांधतं, अशी सहा चित्रं. २०१६ पासून लोकांनी काढलेल्या चित्रांतून ३४५ विषयांची ५ कोटी चित्रं खुली केलेली आहेत. खेळ संपल्यावर आपल्या चित्रावर टिचकी मारा, मशीनला ते आणखी कशासारखं वाटलं आणि इतरांनी तीच वस्तू कशी काढली ते दिसतं. खेळापेक्षा हे पान जास्त शिकवतं.

मजकुरावर काम करायचं असेल तर टीचेबल मशीन उपयोगाचं नाही, त्यात मजकुराचा प्रकारच नाही. तिथे ‘मशीन लर्निंग फॉर किड्स’ ही साइट घ्या. वाक्यं गटांत टाकायची, मॉडेल शिकवायचं आणि ते स्क्रॅचमध्ये वापरायचं, असा तिचा क्रम आहे. साइट चांगली, पण मांडणी शाळेच्या वर्गासाठी केलेली आहे आणि खातं न उघडता केलेलं काम काही तासांत पुसलं जातं. घरी पहिल्यांदाच बसणाऱ्यांना तिथे पायऱ्या जास्त वाटतील.

आणि चॅटबॉट? तो यानंतर. वयाचं भान ठेवा: चॅटजीपीटीच्या अटींप्रमाणे १३ वर्षांखालच्या मुलांसाठी तो नाही आणि १८ पर्यंत आईवडिलांची परवानगी हवी. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालची व्यक्ती बालकच धरली आहे. खातं मोठ्यांचं, कीबोर्ड मोठ्यांच्या हाती आणि प्रश्न मुलाचे, ही रीत घरी चांगली चालते. ताटलीचा धडा इथे न्यायचा तर दोन चाचण्या पुरतात. पहिली: एखाद्या संतांचा पावसावरचा अभंग मागा आणि आलेल्या ओळी छापील गाथेत शोधा. बऱ्याचदा भाषा अभंगासारखी, शेवटी नाममुद्राही जागेवर, पण गाथेत तसा अभंगच नाही. दुसरी: आपल्या गावच्या जत्रेची तिथी आणि ग्रामदैवत विचारा, आणि उत्तर आजोबांकडून तपासून घ्या. तोच प्रश्न नव्या खिडकीत पुन्हा विचारून दोन उत्तरं शेजारी ठेवा. चप्पल बघून ‘मेथी, ९५ टक्के’ म्हणणाऱ्या पट्टीची आठवण मुलं स्वतःहून काढतात.

कोणी घ्यावं, कोणी नको

तिसरी-चौथीपासून आठवीपर्यंतची मुलं असलेल्या घरांना टीचेबल मशीन आम्ही बिनदिक्कत सुचवू. नववीत एआय हा विषय घेतलेल्या मुलांनाही पहिल्या आठवड्यात त्याचा उपयोग होईल. पुढे मात्र त्यांना ते अपुरं पडतं, कारण मॉडेलने फोटोतला नेमका कुठला भाग पाहून निर्णय घेतला हे दाखवणारी सोय यात नाही, आणि आतले थर बदलताही येत नाहीत. तिथून पुढचा रस्ता पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा. कोडिंग शिकवायला म्हणून कोणी हे उघडणार असेल तर थांबा, यात कोडची एक ओळही लिहावी लागत नाही. मूल एकटं बसून रमेल आणि आपण आपलं काम उरकू, अशी अपेक्षा असेल तरीही हे नको. ताटल्या बदलायला समोर दुसरं माणूस लागतंच, नाहीतर दहा मिनिटांत वेडीवाकडी तोंडं करून खेळ आटोपतो.

रविवारी सकाळी भाजी आणली की निवडायच्या आधी लॅपटॉप ओट्यावर मांडा. दीड तास धरा: फोटो काढायला अर्धा, बिघडवायला आणि दुरुस्त करायला एक.